वर श्री घालत जा

पनवेल
२० जून २०२५

॥ श्री ॥

ती. कुमुदवन्संना अरुंधतीचा नमस्कार.

तुम्हाला फोनवर धड ऐकू येत नाही आणि मला घरात धड बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. हे सारखे आसपास असतात. कोथिंबीर आणते म्हणून खाली आले आणि सोसायटीच्या बाकावर बसून लिहिते आहे.

तुमच्या भावाचं काही खरं नाही हो. उठल्यापासून टीव्ही, शिवाय हातात मोबाइल. टीव्हीवर एक चॅनेल आणि मोबाइलवर दुसरं, एकाने चुकवलेलं दुसऱ्याने सांगावं म्हणून. जेवताना घास हातात तसाच राहतो. वरण निवलं म्हटलं तर म्हणतात, "तिकडे माणसं मरतायत आणि तुला वरणाचं पडलंय!" भेसळीची बातमी आली, दूध बंद. आमची गंगाबाई नेऱ्याहून येते. नेऱ्यात बिबट्या दिसला म्हणून हिला असं घाबरवलं की बाई आठवडाभर आलीच नाही. म्हणाली, "आमाला काय नाय दिसला, पन सायेब म्हनतात म्हंजे आसंलच."

परवा मात्र हद्द झाली. मुलं पळवणाऱ्या टोळीचं काहीतरी मोबाइलवर आलं. हे तडक रिक्षा करून खारघरला अनुयाच्या शाळेत. बाईंशी भांडले, नातीला वर्गातून काढलं आणि हात घट्ट धरून पनवेलला घेऊन आले. पोर सगळ्या वाटेत रडत होती. विश्वजीत आणि सूनबाई शाळेत शोधत बसले. संध्याकाळी विश्वजीत म्हणाला, "बाबा, तुम्ही बरे होईपर्यंत अनुयाला तुमच्याकडे एकटं सोडणार नाही." हे उठले. न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले. मला ऐकू आलं.

मग मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, "बातम्या पूर्ण बंद. घरात बातमी येता कामा नये." ह्यांनी निमूट मान डोलावली. टीव्हीचा डबा विश्वजीत घेऊन गेला, मोबाइल माझ्या कपाटात आहे. आता हे गॅलरीत उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, "काय नवीन?" बघवत नाही.

तुमचं ऐकतात ते. तुम्ही त्यांना लिहीत जा. पण वन्सं, फक्त चांगलं लिहा. वाईट काहीही नको.

तुमची,
अरुंधती


चिपळूण
२७ जून

॥ श्री ॥

चि. चारूस ताईचे आशीर्वाद आणि एक चापट.

तुला बातम्या हव्यात ना? मग घे. चिपळूणहून कुमुद देत आहे.

आमच्या मांजरीने माझ्या लग्नातल्या शालूवर तीन पिल्लं घातली. शालू आता तिचा, मला परत मिळण्याची चिन्हं नाहीत. शेजारच्या परेशने नवी स्कूटर घेतली आणि पहिल्याच दिवशी गटारात घातली. स्कूटर ठणठणीत, परेश काळा. तो म्हणतो चूक गटाराची. मिताली मला रोज सांगते की आई, कानाचं यंत्र लाव. मी ते डब्यात ठेवलंय, कारण ते लावलं की मितालीच जास्त ऐकू येते. हवामान दमट. मध्ये जाहिरात: आमची फणसपोळी झाली आहे, पाठवते.

आता तुझ्याकडच्या बातम्या पाठव. अट एकच. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलंच लिहायचं.

तुझी,
कुमुदताई


पनवेल
५ जुलै

ताई,

पत्र मिळालं. फणसपोळीही मिळाली. हसू आलं नाही, खरं सांगतो. तुम्हा सगळ्यांना ही गंमत वाटते.

डोळ्यांनी बघितलेलं लिही म्हणतेस. समोरच्या इमारतीवर एक कबुतर बसलंय. झालं. हात रिकामे वाटतात. छातीत सारखं धडधडतं. मी बघत नाही तेवढ्यात काहीतरी होईल असं वाटत राहतं. अनुया येत नाही. आली तरी आईच्या मागे उभी राहते. माझी भीती वाटते तिला.

चारू


चिपळूण
११ जुलै

॥ श्री ॥

चारू,

गाढवा, आधी तुझे कान उपटते, मग बाकीचं.

पोस्टमनने पाकीट दिलं, मी दारातच फोडलं, आणि वर श्री नाही! मी पायरीवरच बसले रे. तुझं अक्षर दिसलं म्हणजे तू तरी आहेस. मग वाटलं अरुंधती? मग अनुया? कबुतरापर्यंत येईस्तोवर माझा जीव जागेवर नव्हता. आईने लहानपणी काय शिकवलं होतं? बिनश्रीचं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याचं पत्र. ते घरात आणायचं नाही. ज्याच्या नावाचं असेल त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, रडायचं, फाडून टाकायचं, आणि आंघोळ करून आत यायचं. म्हणजे दुःखालासुद्धा एक दार होतं.

तुझ्या त्या टीव्हीवर सगळी पत्रं बिनश्रीची. कुणाच्या नावाची ते न बघता प्रत्येकाच्या घरात टाकतात, जेवणाच्या ताटापाशी. तू जगभरच्या मेलेल्यांची पत्रं वाचत बसलास, आणि आंघोळ एकदाही नाही. मग छाती धडधडेल नाही तर काय होईल?

अनुया भ्यायली आहे, रुसलेली नाही. लहान मुलं लवकर विसरतात. तिला बोलावू नकोस, ती आली की पत्त्यांचा डाव मांडून एकटाच खेळत बस. तीच येईल.

आणि वर श्री घालत जा.

ताई


पनवेल
१९ जुलै

॥ श्री ॥

ताई,

चुकलो. श्री घातला आहे, बघ.

तुला एक सांगायचंय. अरुंधतीलाही सांगितलेलं नाही. चार वर्षांपूर्वी चिपळूणला पूर आला त्या वेळी तुझा फोन लागत नव्हता. टीव्हीवर तुमची बाजारपेठ दाखवत होते. मी एकेक छप्पर बघत होतो. एकदा एका गच्चीवर निळं पातळ नेसलेली बाई दिसली, हात हलवत होती. मला वाटलं तूच. मग ते त्यांनी परत दाखवलंच नाही. मी चॅनेल बदलत राहिलो, जेवलो नाही, जागचा उठलो नाही. तुझा फोन आला तेव्हा मी टीव्हीसमोरच होतो.

तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. मी डोळे मिटले की तू बुडणार. हसू नकोस. वेडेपणा आहे हे मला कळतं, पण छातीला कळत नाही.

चारू


चिपळूण
२५ जुलै

॥ श्री ॥

चारूबाळा,

हसले नाही रे. रडले. मितालीने विचारलं काय झालं, तर म्हटलं कांदा चिरत होते, आणि समोर कांदाच नव्हता.

ती निळ्या पातळाची बाई मी नव्हे. मी परेशच्या माडीवर होते आणि त्याच्या आईशी कडाकडा भांडत होते, कारण तिने माझ्या मांजरीला वर घ्यायला नकार दिला होता. तू तिकडे जीव टांगून बसलेलास आणि मी इकडे मांजरीवरून भांडत होते!

आता नीट ऐक. तू बघत होतास म्हणून मी वाचले नाही. जिना होता म्हणून वाचले. तुझ्यावर माझा भार नाहीये राजा. डोळे मीट. झोप.

ताई


चिपळूण
२२ ऑगस्ट

॥ श्री ॥

चि. सौ. अरुंधतीस आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी. चारूच्या हाती पडू देऊ नकोस.

जेवण जात नाही म्हणून मितालीने तपासायला नेलं. पोटात गाठ आहे. पसरली आहे म्हणतात, आणि माझ्या वयाला कापाकापी झेपणार नाही. मिताली स्वयंपाकघरात जाऊन रडते. तिला वाटतं मी बहिरी आहे म्हणून मला कळत नाही.

चारूला सांगायचं नाही. घरात वाईट बातमी नको, असं तूच लिहिलं होतंस ना? तो आत्ता कुठे माणसांत येतोय. मागच्या पत्रात त्याने अनुयाने पत्त्यांत त्याला कसं लबाडीने हरवलं ते दोन पानं लिहिलंय. मी ते पत्र उशीखाली ठेवलंय.

एकदा येऊन जावा असं वाटतं गं. पण ते जाऊ दे. भाऊबीजेला तो येतोच. तोवर टिकेन. आमच्या घराण्यातल्या बायका चिवट असतात.

कुमुद


पनवेल
२९ ऑगस्ट

॥ श्री ॥

ती. वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र मी गणपतीच्या आरतीच्या वेळी वाचलं, सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून मला रडता आलं. ह्यांना सांगावं असं चारदा ओठांवर आलं. पण काल विश्वजीतने अनुयाला पहिल्यांदा ह्यांच्याजवळ एकटं ठेवलं. दोघं गॅलरीत बसून मोदक खात होते. ह्यांचा चेहरा बघितला आणि माझी जीभ रेटेना. पुन्हा सगळं पहिल्यासारखं झालं तर? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, घरात बातमी येता कामा नये.

मी बरोबर करते आहे ना वन्सं? तुम्हीच सांगा.

अरुंधती


पनवेल
२० सप्टेंबर

॥ श्री ॥

ती. ताईस तिच्या बऱ्या झालेल्या गाढवाचा नमस्कार.

बातम्या, सर्व स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या! आज अनुयाला घेऊन कर्नाळ्याला गेलो. मी आणि ती, दोघंच! लाल तोंडाचा, हिरव्या अंगाचा एक पक्षी दिसला. तिने नाव विचारलं, मला येईना, म्हणून आम्हीच त्याचं नाव परेश ठेवलं. येताना ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. ताई, मी हललो नाही. हात बधिर झाला तरी हललो नाही.

गंगाबाईने विचारलं, "सायेब, बिबट्या गेला का वो?" मी म्हटलं, गेला.

तुझी पत्रं हल्ली चतकोर असतात. अक्षरही वाकडंतिकडं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, किती वेळा सांगितलं तपासून घे म्हणून. का मांजरीच्या बाळंतपणातून सवड मिळत नाही?

भाऊबीजेला येतोय. विश्वजीत गाडीने आणणार आहे. मला घावनं हवीत, तुझ्या हातची, मितालीच्या नकोत. ती थापते जाड.

तुझा,
चारू


चिपळूण
४ ऑक्टोबर

॥ श्री ॥

चारू,

ठळक बातमी एकच. पिल्लं मोठी झाली, आणि माझा शालू परत मिळाला. मितालीने धुऊन ठेवलाय.

अनुयाचं वाचून फार बरं वाटलं. फार.

पाट मांडून ठेवायला मितालीला सांगितलंय. जमलं तर जरा आधीच ये. दिवाळीत हायवेला गर्दी असते म्हणून म्हणते.

ताई


पनवेल
९ ऑक्टोबर

॥ श्री ॥

चि. मितालीस,

काल सकाळी तुझा फोन आला तेव्हा हे शेजारीच शेंगा सोलत बसले होते. तू म्हणालीस, "मामी, आई गेली." आणि मी म्हटलं, "राँग नंबर," आणि फोन ठेवला. बाळा, मला क्षमा कर. नंतर न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

तुझ्या आईचं शेवटचं पत्र आज दुपारी आलं. टपालाला काय माहीत! ह्यांनी ते मोठ्याने मला वाचून दाखवलं. "जमलं तर जरा आधीच ये" हे दोनदा वाचलं आणि हसून म्हणाले, "बघ, ताईला दम निघत नाहीये. म्हणे हायवेला गर्दी!" मी हसले. कशी हसले ते देवाला ठाऊक.

दिवाळी होऊ दे. मग डॉक्टरांना विचारून हळूच सांगू. तोवर तू लिहू नकोस. हे आत्ता माझ्यासमोर बसून तिलाच पत्र लिहितायत.

तुझी,
मामी


पनवेल
९ ऑक्टोबर

॥ श्री ॥

ताई,

हे स्पीडपोस्टने पाठवतोय, म्हणजे तुला लवकर कळेल. भाऊबीजेपर्यंत थांबत नाही, वसुबारसेलाच येतो. राहतोही. कंटाळशील इतका राहतो.

तुझ्यासाठी साडी घेतली. निळी! दुकानात सगळ्या निळ्या काढायला लावल्या. आता पुन्हा कधी टीव्हीवर गच्चीत निळं पातळ दिसलं, तर ती तूच. हात मात्र हलव.

अरुंधती दोन दिवस गप्प गप्प आहे. दिवाळीच्या फराळाने दमली असेल. तू आलीस की तीही हसेल असं लिहिणार होतो, पण तू कुठे येतेस, आम्हीच येतोय.

डोळे मिटून झोपतो हल्ली. तू म्हणालीस तसं.

तुझा,
चारू


चिपळूण
१३ ऑक्टोबर

चारूमामा,

मामीने लिहू नको म्हटलं होतं. पण आज तुझं पत्र आलं, आईच्या नावाचं. निळ्या साडीचं. ते वाचल्यावर मला राहवेना.

आई आठ तारखेला सकाळी गेली. पोटात गाठ होती, ऑगस्टपासून माहीत होतं. तुला कळू द्यायचं नाही असं तिनेच बजावलं होतं. पण शेवटचे दिवस ती दाराकडे बघायची. गाडीचा आवाज तिला ऐकू यायचा नाही, म्हणून मला विचारायची, "कुणी आलं का गं?"

मामा, मला माफ कर. मी तुला बोलवायला हवं होतं.

मिताली


पनवेल
१५ ऑक्टोबर

ताई,

मितालीचं पत्र गंगाबाईने वर आणून दिलं. उघडलं, वर श्री नव्हता. म्हटलं, काय ही आजकालची पोरं, आईने काही शिकवलं नाही. आणि खिशातलं पेन काढून मीच वर श्री घातला. मग वाचायला लागलो.

पहिल्याच ओळींना उठलो आणि दाराबाहेर गेलो. बाकीचं लिफ्टजवळच्या पायरीवर बसून वाचलं. तू शिकवलंस तसं, उंबऱ्याबाहेर. मी घातलेला श्री खोडला.

मग काय केलं माहितेय? खालच्या कुमारकडे गेलो आणि म्हटलं, टीव्ही लाव. त्याने लावला. मी उभा राहून बघितला. खाली पट्टी सरकत होती. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं गेलेली, त्यांचे आकडे, अपघात, आगी. मी शेवटपर्यंत वाचत होतो. सगळ्या जगाचं मरण त्यात होतं ताई, तुझं नव्हतं. कुमार म्हणाला, "काका, काय शोधताय?" मी म्हटलं, काही नाही, बंद कर.

अरुंधतीवर ओरडलो. इतका ओरडलो की शेजारची दारं उघडली. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते, घरात बातमी नको." मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "अहो, मी टीव्हीच्या बातम्यांबद्दल बोललो होतो. घरच्या माणसाबद्दल नव्हे." अरुंधतीने ते ऐकलं आणि जमिनीवरच बसली. तिच्यावर रागावून काय करू? तीही मी बुडू नये म्हणून मला बघत बसली होती, मी तुला बघत बसायचो तशी. मग आम्ही दोघं एकमेकांना धरून रडलो.

पण तुझ्यावर रागावलोय. तू मला आधी ये म्हणालीस आणि कारण हायवेचं दिलंस! तू दाराकडे बघत होतीस आणि मी इकडे पक्ष्याला परेश नाव ठेवत होतो. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं वाचली ताई, ज्यांच्याशी माझा काही संबंध नाही अशांची. आणि हे एक माझ्या नावाचं होतं. हे तरी मला वेळेवर द्यायचं होतंस. मी आलो असतो. घाबरलो असतो, छाती धडधडली असती, रात्रभर रडलो असतो, पण तुझे पाय चेपत बसलो असतो ना.

पहिला विचार तोच आला, मी डोळे मिटले आणि ताई गेली. मग तुझं पत्र काढलं. जिना होता म्हणून वाचले, असं लिहिलंयस. पुन्हा पुन्हा वाचलं. या वेळी जिना नव्हता, एवढंच. असं स्वतःला सांगतोय. पटेल हळूहळू.

अनुयाला विश्वजीत नको म्हणत असताना मीच सांगितलं, कुमुदआजी गेली. ती आत गेली. मग तिने पत्ते आणले आणि माझ्यासमोर एकटीच डाव मांडून बसली. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

उद्या सकाळी निघतोय. हे पत्र पोस्टात टाकत नाही, घेऊनच येतो. भाऊबीजेपर्यंत राहीन. जिला भाऊ नाही ती बहीण चंद्राला ओवाळते. बहीण नसलेल्या भावाने काय करायचं, ते आईने सांगितलं नव्हतं. तू पाट मांडायला सांगितलायस, तर मी त्यावर बसेन. निळी साडी समोर ठेवीन. मिताली जाड घावनं करील, ती खाईन.

मितालीचं पत्र फाडायला हवं होतं. फाडवलं नाही. आंघोळ मात्र केली.

आणि वर श्री घातलेला नाही. या वेळी विसरलो नाही गं.

तुझा,
चारू